पडला की पाडला? डायव्हिंग आणि पेनल्टीवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

फुटबॉलची मोठी आंतरराष्ट्रीय मॅच असली की माझ्या फोनवर एकाच छापाचे मेसेज येतात, आणि तेही बरोबर त्याच क्षणी, जेव्हा कोणीतरी बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनात, आडवा झालेला असतो. "हे काय होतं??" "नौटंकी!!" "आंधळा आहे का रेफ्री??" मी उत्तर टाइप करेपर्यंत पेनल्टी मारून पण झालेली असते आणि मग कोणालाच उत्तरात रस उरलेला नसतो. म्हणून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. तेच तेच विचारलेले एकात ढकललेत, शिव्या काढल्यात, बाकी शब्द तुमचेच. पडला आणि पाडला यात फक्त एका कान्याचा फरक आहे, पण वर्ल्ड कपच्या फायनल्स त्या कान्यावर ठरल्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

१. डाइव्ह म्हणजे नक्की काय? बॉक्समध्ये पडला की डाइव्ह असं आहे का?

नाही. फुटबॉलचे नियम आयफॅब नावाची संस्था ठरवते, एकूण १७ नियम आहेत आणि आपलं सगळं भांडण बाराव्यात आहे. तिथे शब्द 'डाइव्ह' नाहीच, 'सिम्युलेशन' आहे. म्हणजे फाऊल झालेला नसताना झाल्याचं किंवा लागलेलं नसताना लागल्याचं सोंग करून रेफ्रीला फसवायचा प्रयत्न. शिक्षा यलो कार्ड. १९९९ मध्ये नियमांत हे स्पष्ट लिहिलं गेलं की मैदानात कुठेही असं सोंग केलं तर ते खिलाडूवृत्तीला सोडून वागणं धरायचं.

यातला कळीचा शब्द फसवणं. पाय घसरला, तोल गेला, समोरून येणारा पाय चुकवायला उडी मारली आणि पडला, यातलं काहीच डाइव्ह नाही. जर्मन लोक डाइव्हला 'श्वाल्बं' म्हणतात, म्हणजे पाकोळी, तो जमिनीलगत उडणारा पक्षी. आपल्याकडे 'कांगावा' हा त्याहून नेमका शब्द आहे खरं तर, कॉमेंट्रीत कोणी वापरत नाही एवढंच.

२. कॉन्टॅक्ट झालाय, रिप्लेत स्पष्ट दिसतंय. मग पेनल्टी का नाही दिली?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या मते अर्धी भांडणं होतात कारण प्रश्नच चुकीचा विचारला जातो.

फुटबॉल हा धक्काबुक्कीचा खेळ आहे. खांद्याला खांदा लागतो, पायात पाय येतो, कॉर्नरच्या वेळी तर बॉक्समध्ये गर्दीच्या लोकलसारखी अवस्था असते. नुसता स्पर्श झाला म्हणून फाऊल असता तर दर कॉर्नरला पेनल्टी द्यावी लागली असती. नियम विचारतो की डिफेंडर बेफिकीरपणे खेळला का, बेदरकारपणे खेळला का, की गरजेपेक्षा जास्त जोर लावला. बेफिकीर असेल तर फाऊल पण कार्ड नाही, बेदरकार असेल तर यलो, जास्त जोर असेल तर रेड, म्हणजे मैदानाबाहेर.

म्हणजे बघा, आपण सगळे पडणाऱ्याकडे बघतो, कसा पडला, किती लोळला, हात वर केले का, आणि नियम बघतो पाडणाऱ्याकडे. डिफेंडरने काही चुकीचं केलं का एवढाच प्रश्न आहे. कॉन्टॅक्ट हा त्यातला एक पुरावा, निकाल नाही. डिफेंडर आपल्या जागी शांत उभा आहे आणि स्ट्रायकर त्याच्यावर येऊन आदळून पडला तर कॉन्टॅक्ट शंभर टक्के आहे आणि फाऊल शून्य. कॉमेंटेटर "देअर इज कॉन्टॅक्ट" म्हणाला की आपला ग्रुप लगेच पेनल्टी देऊन मोकळा होतो, ते जरा थांबवा.

३. मग उलट विचारतो, टच झालाच नाही तरी पेनल्टी मिळू शकते का?

मिळू शकते, आणि हे सांगितलं की लोकांना मी गंमत करतोय असं वाटतं. नियमात पाय घालून पाडणं किंवा पाडायचा *प्रयत्न करणं* असं लिहिलंय, लाथ मारणं किंवा मारायचा प्रयत्न करणं, तसंच. डिफेंडर भन्नाट वेगाने घसरत आला, स्ट्रायकरने पाय मोडायच्या भीतीने उडी मारली, बॉल हातचा गेला, तर स्पर्श नसतानाही रेफ्री पेनल्टी देऊ शकतो. आणि ती उडी मारणारा प्रामाणिक असतो, तो काही डायव्हर नाही.

यात एक बारीक खाच आहे. पाडायचा प्रयत्न वगैरे काही नाही, डिफेंडर फक्त धोकादायक खेळला, म्हणजे डोक्याच्या उंचीवर पाय नेला पण कोणाला लागला नाही, तर इनडायरेक्ट फ्री किक (तिच्यावर थेट गोल मारता येत नाही). बॉक्सच्या आत असला तरी. तोच पाय लागला की मामला पेनल्टीचा.

४. डिफेंडरचा पाय आधी बॉलला लागला होता. बॉल मिळाला म्हणजे फाऊल नाही ना?

असा नियम कुठेही नाही. बॉलला आधी पाय लागणं डिफेंडरच्या बाजूने मोजलं जातं हे खरं, पण बॉलला नखाएवढं टोचून मग समोरच्याला गुडघ्यातून उडवलं तर ते माफ होत नाही.

५. शॉट मारून झाला होता, बॉल कधीच गेला होता. त्यानंतर लागलं तर पेनल्टी कसली?

बॉल खेळात असेल तोपर्यंत बॉक्समध्ये डिफेंडरने केलेला फाऊल हा पेनल्टीच, बॉल कुठे का असेना. दुसऱ्या टोकाला असला तरी.

२०२४ च्या युरो सेमीफायनलला हेच झालं. नेदरलँड्स १-० ने पुढे, इंग्लंडच्या हॅरी केनने शॉट मारला, तो वरून गेला, आणि ब्लॉक करायला आलेल्या डच डमफ्रीसचा बूट केनच्या पायावर बसला. रेफ्री फेलिक्स झ्वायरने आधी काही दिलं नव्हतं, व्हीएआरने (व्हिडिओवर बघून मदत करणारा रेफ्री) मॉनिटरवर बोलावलं, पेनल्टी, केनने स्वतः मारली, १-१. इंग्लंड पुढे २-१ जिंकलं. डचांचं म्हणणं, ब्लॉक करायला पाय घालायचाच नाही का? आणि ते म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण डमफ्रीसला बॉल मिळाला नाही आणि बुटाचा तळवा समोरच्याच्या पायावर आला, त्यामुळे पुस्तकाप्रमाणे बेफिकीर ठरतो. मला विचाराल तर मी दिली असती, पण न देणाऱ्याला वेड्यात काढलं नसतं.

२०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये पोलंडचा कीपर श्चेन्स्नी बॉल बाजूला मारायला झेपावला आणि त्याचा हात हेडर मारून झालेल्या मेसीच्या तोंडाला लागला, तिथेही व्हीएआरवरून पेनल्टी. ती श्चेन्स्नीनेच अडवली, म्हणून त्यावर फार वाद झाला नाही. अडवली नसती तर अजून चालू असता.

६. पेनल्टी दिली नाही म्हणजे तो डाइव्ह होता. मग यलो कार्ड का नाही दाखवलं?

कारण तिसरा पर्याय असतो, ना फाऊल ना फसवणूक. दोघं भिडले, एक पडला, उठा आणि खेळा. मॅचमधली बहुतेक पडापड याच खात्यात जाते पण या खात्यात भांडायला काही नसतं म्हणून ते कोणाला आवडत नाही.

२०१८ ला ब्राझील-कोस्टा रिका मॅचमध्ये ०-० असताना नेमार मागे हेलपाटत पडला, रेफ्री ब्योर्न कायपर्सने पेनल्टी दिली, मग मॉनिटरवर बघून रद्द केली. पण नेमारला पडल्याबद्दल कार्ड दाखवलं नाही, कारण डिफेंडरचा हात अंगाला लागलेला होता, फक्त एवढ्याने माणूस असा पडत नाही. (ब्राझीलने इंज्युरी टाइममध्ये दोन गोल करून मॅच काढली आणि दुसरा नेमारचाच.) याउलट २०२२ च्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटांत फ्रान्सचा मार्कुस थुराम बॉक्समध्ये पडला तेव्हा रेफ्री मार्चिनियाकने सरळ त्यालाच यलो दाखवलं. २-२ असलेल्या वर्ल्ड कप फायनलमध्ये, एका मोठ्या टीमच्या विरुद्ध, इतक्या ठामपणे. त्या एका निर्णयासाठी मी त्या रेफ्रीला मानतो.

७. फाऊल पण खरा आणि नाटक पण खरं, असं असू शकतं?

असू शकतं, आणि वाद पेटतात ते सगळे इथेच.

२०१४, फोर्तालेझा, नेदरलँड्स विरुद्ध मेक्सिको, राउंड ऑफ १६. मेक्सिको १-० ने पुढे होतं, ८८ व्या मिनिटाला स्नायडरने बरोबरी केली, आणि इंज्युरी टाइममध्ये नेदरलँड्सचा रॉबेन बॉक्समध्ये घुसला, मेक्सिकोच्या राफाएल मार्केसने पाय पुढे केला, रॉबेन असा उडाला की जणू खालून स्प्रिंग लावलीय. पेनल्टी, हुंटेलारने मारली, मेक्सिको घरी. मॅचनंतर रॉबेनने काय करावं, त्याने कबूल केलं की पहिल्या हाफमध्ये एकदा मी मुद्दाम पडलो होतो, त्याबद्दल माफी, पण शेवटचा फाऊल खरा होता. झालं, कबुली एका प्रसंगाची आणि लोकांनी चिकटवली दुसऱ्याला. मेक्सिकोत "नो एरा पेनाल", म्हणजे 'पेनल्टी नव्हती', ही म्हणच होऊन बसली.

आता शांतपणे रिप्ले बघा. मार्केसचा पाय त्याच्या पायावर आलेला आहे. आणि रॉबेनची उडी त्या पायाच्या मानाने तिप्पट मोठी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. नियमाच्या दृष्टीने पहिली गोष्ट पुरते, उडी कितीही नाटकी असली तरी झालेला फाऊल पुसला जात नाही.

लोक विचारतात, मग इतकं नाटक करतातच का? कारण नाटक न करणाऱ्याला शिट्टी मिळत नाही हो! ओढाताण सहन करून धडपडत उभा राहिलेल्या खेळाडूला रेफ्री क्वचितच काही देतो, आणि हे लहान वयातच मुलांना कळतं. चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार आहे. मी डायव्हरची बाजू घेत नाहीये, पण उभं राहण्याचं बक्षीस काय हे आधी सांगा, मग पडणाऱ्यांना शिव्या घाला. (याचा नियमातला भाग पुढच्या प्रश्नात.)

८. फाऊल झाला तरी उभा राहिला, शॉट मारला, बाहेर गेला. मग मागे येऊन पेनल्टी देता येते का?

देता येते. त्याला अॅडव्हान्टेज म्हणतात, रेफ्री काही सेकंद थांबतो आणि फायदा झालाच नाही तर मूळ फाऊल देतो. पण फायदा म्हणजे गोल नव्हे, नीट शॉट मारायला मिळाला तर तो फायदा मिळाला, आता वरून मारलास तर तुझं तू बघ. तोल गेलेल्या अवस्थेत कसाबसा पाय लागला असेल तर तो फायदा नाही, तिथे पेनल्टी द्यायला हवी. 'द्यायला हवी' आणि 'देतात' यातलं अंतर मात्र प्रश्न ७ मध्ये लिहिलंय तेच.

९. स्ट्रायकरनेच पाय बाजूला नेऊन डिफेंडरच्या पायात अडकवला तर?

तर कॉन्टॅक्ट त्याने स्वतः तयार केला, पेनल्टी नाही, आणि मुद्दाम केलं हे रेफ्रीला पटलं तर कार्डही. कीपर पुढे आला की बॉल लांब ढकलून मागचा पाय कीपरच्या हातांवरून घसटत ठेवायचा, ही तर ठरलेली युक्ती. बघायचं कसं, तर पळताना त्याचा पाय नैसर्गिकपणे जिथे पडला असता तिथेच पडला का, की वाकडी वाट करून गेला. आणि लागायच्या आधीच गुडघे दुमडलेले असतील तर निकाल तिथेच लागला, पुढचं बघायची गरज नाही.

अडचण ही की चतुर स्ट्रायकर डिफेंडरच्या वाटेत आपलं अंग घालतो आणि डिफेंडरला थांबता येत नाही. ते कायदेशीर आहे. २००६ ला इटली-ऑस्ट्रेलिया, ०-०, इटली दहा जणांनी खेळत होतं आणि अगदी शेवटी इटलीचा ग्रोसो आत घुसला, ऑस्ट्रेलियाचा लुकस नील घसरून आडवा पडला होता, ग्रोसो त्याच्यावरून गेला आणि पडला. टोटीने पेनल्टी मारली आणि इटली पुढे जाऊन कपच जिंकलं. ग्रोसोने वाट शोधली की अडथळा शोधला? ऑस्ट्रेलियन माणसाला हा प्रश्न विचारू नका.

१०. व्हीएआर असूनही उघड उघड डाइव्हवर पेनल्टी कशी राहते?

व्हीएआर म्हणजे दुसरा रेफ्री नव्हे. मैदानातल्या रेफ्रीचा निर्णय *स्पष्ट आणि ढळढळीत* चुकीचा असेल तरच तो हात घालतो. पन्नास-पन्नास टक्के असेल तर मैदानात जे दिलं ते कायम.

२०२१ ची (नाव युरो २०२० च) सेमीफायनल, इंग्लंड-डेन्मार्क, वेम्बली, एक्स्ट्रा टाइम. इंग्लंडचा स्टर्लिंग बॉक्समध्ये शिरला, डेन्मार्कच्या मेलेचा पाय जवळ आला, स्टर्लिंग पडला. रेफ्री डॅनी माकेलीने पेनल्टी दिली. व्हीएआरने बघितलं, किंचित स्पर्श दिसतोय, म्हणजे ढळढळीत चूक म्हणता येत नाही, कायम. केनची किक कीपर श्मायकेलने अडवली आणि रिबाउंडवर गोल, डेन्मार्क बाहेर. आता गंमत बघा, माकेलीने तिथे पेनल्टी दिली नसती तरी व्हीएआरने बहुधा तेही कायम ठेवलं असतं. म्हणजे सगळं पहिल्या शिट्टीवर.

व्हीएआर आल्याने पेनल्ट्या कमी होतील असं ज्यांना वाटलं होतं त्यांच्यासाठी, २०१८ चा वर्ल्ड कप हा व्हीएआर असलेला पहिला, आणि त्यात २९ पेनल्ट्या दिल्या गेल्या, तोपर्यंतचा विक्रम. कॅमेरा सोंग पकडतो पण न दिसलेले फाऊलही पकडतो. बॉक्सच्या बाहेरच्या, नुसत्या फ्री किकसाठी केलेल्या साध्या डाइव्हकडे तो बघतच नाही, त्यामुळे ती कला तिकडे सरकलीय. २०१८ च्याच फायनलचा पहिला गोल फ्रान्सचा ग्रीझमन सहज पडला त्या फ्री किकवरून आला, आणि तो तपासायची सोयच नव्हती.

११. स्लो मोशनमध्ये तर भयानक लाथ दिसते, रेफ्रीला दिसत नाही का?

स्लो मोशनमध्ये सगळंच भयानक दिसतं. पाठीवर थाप मारली तरी खून वाटतो. व्हीएआरच्या पद्धतीतच लिहिलंय की स्लो मोशन फक्त वस्तुस्थितीसाठी वापरायचा, म्हणजे लागलं का, कुठे लागलं, आत की बाहेर. जोर किती होता हे ठरवायला नॉर्मल स्पीड. घरी भांडतानाही हाच नियम लावा, एकदा नॉर्मल स्पीडने बघितल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. आमच्यात निम्मे जण गप्प झाले.

१२. आमचा माणूस पडला की फाऊल, त्यांचा पडला की डाइव्ह, असं सगळेच का म्हणतात?

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मीही यातून सुटलेलो नाही, स्टर्लिंगवर तावातावाने बोलणारा मी रॉबेनवर गुळमुळीत होतो, कारण सांगायला नको. यावर उपाय म्हणून मनातल्या मनात जर्सी बदलून बघतो, हाच प्रसंग आपल्या बॉक्समध्ये झाला असता तर काय ओरडलो असतो. दहातले सहा निर्णय उलटतात. उरलेले चार बोलण्यासारखे.

१३. पूर्वीचे खेळाडू असली नाटकं करत नव्हते ना?

करत होते, कॅमेरे कमी होते. १९७४ ची फायनल, म्युनिक, पश्चिम जर्मनीचा हॉल्झेनबाइन डच बॉक्समध्ये पडला, ब्राइटनरने पेनल्टी मारून १-१ केलं, आणि त्या पडण्यावर डच लोक अजून बोलतात. जर्मनांचं उत्तर ठरलेलं, तुम्हाला पण दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टी मिळाली होती की. १९९० ची फायनल, रोम, ८५ व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या सेन्सिनीच्या टॅकलवर जर्मनीचा फोलर पडला, ब्रेमची पेनल्टी, मॅचचा एकमेव गोल, अर्जेंटिना हरलं.

दुसरी बाजूही सांगतो. १९८२ च्या सेमीफायनलला जर्मन कीपर शुमाकर फ्रान्सच्या बातिस्तोंवर उडी मारून आदळला, बातिस्तों बेशुद्ध पडला, त्याचे दात पडले, आणि रेफ्रीने फाऊलसुद्धा दिला नाही, गोल किक! तेव्हा पडलेला माणूस नाटकीच असतो असं धरून चालणारे, जरा ते फुटेज बघा.

१४. डाइव्हची शिक्षा एवढीच? नंतर काही होत नाही का?

मॅचमध्ये यलो, आणि रेफ्रीने त्यासाठीच खेळ थांबवला असेल तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक. आधीचं यलो असेल तर माणूस बाहेर. २००२ ला इटली-कोरिया मॅचच्या एक्स्ट्रा टाइममध्ये टोटी बॉक्समध्ये पडला, रेफ्री बायरन मोरेनोने सोंग ठरवून दुसरं यलो दाखवलं, आणि नंतर कोरियाने गोल्डन गोलवर (तेव्हा एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल करणारा जिंकायचा) मॅच नेली. म्हणजे चुकीचं कार्डही चुकीच्या पेनल्टीइतकंच महाग पडू शकतं, रेफ्री कार्ड काढताना का कचरतात ते इथे कळतं.

नंतरची शिक्षा क्वचित. त्याच वर्ल्ड कपमध्ये तुर्कस्तानच्या उन्सालने मारलेला बॉल ब्राझीलच्या रिवाल्डोच्या पायाला लागला आणि हा पठ्ठ्या तोंड धरून खाली पडला. उन्सालला दुसरं यलो, म्हणजे बाहेर. फिफाने रिवाल्डोला ११,६७० स्विस फ्रँकचा दंड केला, बस. निकाल तसाच, ब्राझील पुढे कप जिंकलं.

कडक शिक्षेचं एकच उदाहरण आठवतं आणि ते डाइव्हच्या पलीकडचं आहे. १९८९, माराकाना, ब्राझील-चिली पात्रता सामना, मैदानात प्रेक्षकांतून फ्लेअर, म्हणजे पेटती नळी, येऊन पडला आणि चिलीचा कीपर रोहास रक्तबंबाळ होऊन कोसळला. नंतर उघड झालं की फ्लेअर त्याला लागलाच नव्हता, ग्लोव्हमध्ये लपवलेल्या ब्लेडने त्याने स्वतःलाच कापलं होतं. त्याच्यावर आजन्म बंदी (ती २००१ मध्ये उठवली) आणि चिली १९९४ च्या वर्ल्ड कपमधून बाद.

१५. शेवटच्या डिफेंडरने पाडलं, पेनल्टी दिली, मग रेड कार्ड का नाही?

२०१६ पासून बदललंय. आधी पेनल्टी, रेड आणि पुढच्या मॅचची बंदी असा तिहेरी मार बसायचा. आता बॉक्समध्ये बॉल खेळायच्या प्रयत्नात फाऊल झाला तर हमखास गोलची संधी हुकली तरी यलोच. ओढणं, ढकलणं, जर्सी धरणं, किंवा बॉल मिळायची शक्यताच नव्हती, तर अजूनही रेड.

१६. बाहेर जर्सी धरली, आत येऊन पडला. पेनल्टी की फ्री किक?

धरणं आत येईपर्यंत चालू राहिलं तर पेनल्टी. बाहेरच सोडलं आणि हा चार पावलं पळून आत येऊन पडला तर फ्री किक, आणि ती चार पावलं कशासाठी ते आपल्याला माहितीये. पाय घालून पाडलं असेल तर पाय जिथे लागला ती जागा धरायची, माणूस जिथे कोसळला ती नाही. लाइन ही बॉक्सचाच भाग, लाइनवर म्हणजे आत.

१७. फाऊल खरा होता पण तो ऑफसाइड उभा होता. आता?

ऑफसाइड जागा म्हणजे पास दिला त्या क्षणी बॉल आणि शेवटून दुसरा विरोधी खेळाडू या दोघांच्याही पुढे असणं. तिथून तो बॉल खेळायला गेला असेल किंवा डिफेंडरला भिडला असेल आणि मग पाडला गेला, तर आधी ऑफसाइड, पेनल्टी रद्द. पण तो नुसता ऑफसाइड जागेत आहे, बॉलकडे निघालाय, आणि खेळायचा प्रयत्न करायच्या आधीच डिफेंडरने पाडला, तर पेनल्टी! ऑफसाइड जागेत असणं हा गुन्हा नाही, तिथून खेळात ढवळाढवळ करणं हा गुन्हा.

१८. कॉर्नर घेण्याआधीच त्याला मिठी मारून खाली पाडला, पेनल्टी का नाही?

कारण बॉल खेळात नव्हता. प्रश्न ५ ची उलटी बाजू. रेफ्री समज देईल, कार्ड दाखवेल, पण पेनल्टी नाही, कॉर्नर पुन्हा नीट घ्या. बॉलला पाय लागल्यानंतर तीच मिठी चालू राहिली तर मात्र पेनल्टी.

१९. पेनल्टी मारताना थांबत थांबत पळणं चालतं का? आणि रिबाउंड?

पळता पळता थबकणं चालतं. पळणं संपवून किक मारायच्या जागी पोचल्यावर हूल देणं चालत नाही, गोल रद्द आणि यलो. कीपरचा एका पायाचा काही भाग तरी लाइनवर, लाइनच्या सरळ वर किंवा मागे हवा. कीपरने अडवलेला बॉल मारणारा पुन्हा मारू शकतो (केनने डेन्मार्कविरुद्ध तेच केलं), पण नुसता पोस्टला लागून परत आला तर आधी दुसऱ्या कोणाला तरी लागायला हवा. वेळ संपल्यावर फक्त पेनल्टीसाठी खेळ वाढवला असेल तर रिबाउंड नाहीच. शूटआऊटमध्येही नाही.

२०. डिफेंडरने गोल लाइनच्या बाहेर, मैदानाबाहेर पाडलं तर काहीच नाही का?

हा प्रश्न एकाच माणसाने तीनदा पाठवलाय, तेव्हा घे बाबा. बॉल खेळात आहे, स्ट्रायकर वेगात लाइनच्या बाहेर गेला, परत आत येताना डिफेंडरने बाहेरच पाय घातला. खेळाच्या ओघात बाहेर गेलेल्याला पाडलं तर सगळ्यात जवळच्या लाइनवर फ्री किक मिळते, आणि तो लाइनचा तुकडा जर डिफेंडरच्याच बॉक्सचा असेल तर पेनल्टी. म्हणजे मैदानाच्या बाहेर पडून पेनल्टी मिळवता येते. मी अजून एकही लाइव्ह बघितलेली नाही, दिसली की आधी तुलाच मेसेज करतो.